दोन्ही नाचांना जाणारी कमान

मित्रांनो, मी एक जुनी कमान आहे, पाइनच्या लाकडाची. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आमच्या गावी शाळेच्या सुतारकामाच्या तासाला मुलांनीच मला बनवलं. एका बाजूला गोऱ्या पोरांनी रंधा मारला, दुसऱ्या बाजूला काळ्यांनी. पॉलिश झाल्यावर सगळे म्हणाले, "काय झकास दिसतेय!" मी हुरळून गेले.

बारावीच्या निरोपाच्या नाचाला जोड्या माझ्याखालून आत जातात. पण नाच दोन! शुक्रवारी गोऱ्यांचा, शनिवारी काळ्यांचा. दोन्हींना जाणारी गावात मी एकटीच.

एका वर्षी वर्लीन आणि मेगन या दोघींनी चंग बांधला, नाच एकच करायचा. वर्लीन काळी, मेगन गोरी, पहिलीपासूनच्या मैत्रिणी. अख्ख्या वर्गाने हात वर केले. मुख्याध्यापक टाय चाचपत म्हणाले, "पोरींनो, हा नाच शाळेचा नाहीच. पालकांचा खाजगी कार्यक्रम. मी काय करणार?" मेगनची आई म्हणाली, "आमच्या मनात काही नाही गं. बाकीचे पालक ऐकायचे नाहीत." बाकीचे पालकही अगदी हेच म्हणाले.

शुक्रवारी काळी मुलं बघायला येतात, तशी रीतच आहे. मित्र आत जाताना टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. वर्लीनही आली. "मेगन, अगं राणी दिसतेस!" ती ओरडली. मेगनने तिचा हात धरून तिला ओढतच माझ्याखाली आणलं. "चल आत. बघू कोण अडवतंय!"

तेवढ्यात मेगनची आई आली, हसतमुख. "वर्लीन, किती गोड आहेस गं! आता घरी जा हं बाळा, दार लावायचंय."

मेगनने आईकडे पाहिलं. मग पाहुणे म्हणून आलेल्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते हातातल्या सरबताच्या पेल्यात बघत राहिले. मेगनने हात सोडला.

दुसऱ्या दिवशी वर्लीन माझ्याखालून गेली, तेव्हा टाळ्या वाजवायला मेगन आली नाही. पुढे त्या दोघी बोलताना मला कधी दिसल्या नाहीत.

आज मेगन स्वतः आई आहे, शुक्रवारच्या समितीची प्रमुख. परवा लेकीने विचारलं, "आई, एकच नाच का नाही करत तुम्ही?" माझ्यावर फुलं बांधता बांधता मेगन म्हणाली, "अगं, आम्ही करून बघितलं. लोकांनाच नको असतं."

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तुमच्या मोठ्यांना सांगते, मला मोडा आणि शेकोटीत घाला. पण ऐकतंय कोण? कालच त्यांनी मला नवा रंग दिला, आणि वाळवी लागू नये म्हणून औषधही मारलं.