घरची गोष्ट मास्तरले आधी

राळेगावच्या सलील मास्तरचा मले मनापासून राग येते. काहून, तर माझी बायको अपेक्षा त्याच्या इंग्रजीच्या वर्गाले जाते. शिक्षिकेच्या नोकरीची परीक्षा द्याची आहे तिले. जाय म्हणून मीच म्हणलं होतं. पण मानूस म्हटला का जळतेच!

वावरात कापूस वेचता वेचता बी तिचं तेच. "एन्जॉय गोइंग, अव्हॉइड गोइंग, वाँट टू गो..."

"कुठं गोइंग?" मी इचारलं.

"कुठंच नाही जी. कोन्त्या शब्दामागून 'इंग'वालं रूप येते आन् कोन्त्यामागून 'टू', ते पाठ करून राह्यली. सरांनी सांगतलं."

सरांनी सांगतलं! या घरात माझं सांगनं कोनी इतकं पाठ केलं नाही. आता मी घरात जास्ती बोलत नाही, ते खरं आहे. दोन वर्सं झाली, कापसाले भाव नाही. घरी आलो का भिंतीकडं तोंड करून पडतो. बोलावं तरी काय?

पण शनवारी तिनं वर्गाले जाले ठेवणीतली साडी काढली, अन् माझं डोकंच सटकलं. आज हा वर्ग बंदच करतो म्हणून तिच्या मागं सायकल हाणली. ती पहिल्या बाकावर बसली होती, मी गुपचूप शेवटच्या बाकावर टेकलो.

शनवारी मास्तर एकेकाले शब्द देते. उभं राहून त्याचं वाक्य कराचं. पुस्तकातलं चालत नाही, आपल्या घरातलं खरं पाहिजे. बियाण्याच्या दुकानातला फुलचंद उभा झाला, इंग्रजीत काहीतरी बोलला, सगळे हासले.

मंग मास्तरनं अपेक्षाले शब्द देला, "मिस."

"आय मिस टॉकिंग टू माय हजबंड," ती बोलली.

मास्तरनं मान खाली घातली. मले समजला एकच शब्द, हजबंड. माझी निंदा करते का हे, तेही याच्यापुढं? आगच लागली अंगाले. ताडकन उभा झालो.

"काय बोलली ते? मराठीत सांगा!"

अपेक्षानं वळून पाह्यलं. तिचा चेहरा पांढराफट पडला.

"ताई म्हणाल्या," मास्तर हळू आवाजात बोलला, "नवऱ्याशी बोलत बसायचे, त्या गप्पांची फार आठवण येते. वाक्य बरोबर आहे."

बाप्पा! मी खाली बसलो.

घरी जाताना दोघाच्या दोन सायकली संग संग चालल्या. निम्मी वाट सरल्यावर माझं तोंड उघडलं.

"वर्ग सोडू नको."

"नाही सोडत."

"पन आपल्या घरची गोष्ट त्या मास्तरले माझ्याआधी काहून सांगतली?"

"तुमालेच सांगतली जी आधी," ती बोलली. "कितीक बार सांगतली. तुमचं तोंड भिंतीकडं होतं."