तिसऱ्या मजल्यावरची तोफ

बसस्थानकावर तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत माइकपुढे बसून ती गाड्यांच्या घोषणा करायची. चार नंबरच्या फलाटाला तिनं आवाज दिला की पाच नंबरवरचा चालकही सावरून बसायचा. एखादी गाडी उशिरा आली की तोफ सरळ माइकवरून विचारायची, "काय हो, वाटेत सासुरवाडी लागली का?" साहेब, म्हणजे स्थानकप्रमुख, तिला महिन्यातून दोनदा लेखी समज द्यायचे. ती त्या कागदाची घडी घालून टेबलाच्या आखूड पायाखाली सारायची. अशा वीसेक समजांवर ते टेबल सरळ उभं होतं.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या घराला आग लागली. घरही तिसऱ्याच मजल्यावर. भर दुपारची वेळ, घरात ती आणि दहा वर्षांची लेक, भिंगरी. जिन्यात इतका धूर की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. तिनं पोरीच्या तोंडाला ओला टॉवेल बांधला आणि एकेक पायरी सांगत तिला खाली आणलं. "डोकं खाली. भिंतीला हात. मागे बघायचं नाही. मी सांगते तसंच करायचं." दोघी वाचल्या. पोरीला साधं खरचटलंही नाही. घराचा मात्र कोळसा झाला.

आणि तोफेचं बोलणं गेलं. वाचा नाही हो गेली, वाचा चांगली शाबूत होती! पण तोंडातून निघायच्या त्या फक्त सूचना. मनात यायचं, मला झोप येतेय, आणि तोंड म्हणायचं, "झोपा आता, पांघरूण घ्या." डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय होतंय?" तर ती म्हणाली, "नखं वाढलीत बाळा, कापून टाक." डॉक्टर साठीचे. त्यांनी गुपचूप कापली. नवरा ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून कामावर जायला लागला, कारण रोज सकाळी वाद कोण घालणार?

शेजारणी म्हणायच्या, "आईपण कसं अंगात भिनलंय, किती गोड!" गोड म्हणे! तहान लागली तर हिला पाणी मागता यायचं नाही. दुसऱ्याला "पाणी पी" म्हणायचं आणि त्यानं टाकलेलं आपण प्यायचं, यात डोंबलाचं गोड? आपल्याला काय हवंय ते आठ महिन्यांत ती एकदाही सांगू शकली नव्हती. हल्ली तर आत काही हवंसं वाटलं तरी ते आपलंच का दुसऱ्या कुणाचं, हे तिला कळेनासं झालं होतं, आणि त्याची तिला फार भीती वाटायची.

आठ महिन्यांच्या रजेनंतर साहेबांनी तिला एका दिवसाची संधी दिली. आज घोषणा नीट झाल्या तर माइक तिचा, नाहीतर उद्यापासून तळघरात जुनी कागदपत्रं लावायची. शाळेला सुट्टी होती म्हणून भिंगरीही बरोबर आली आणि खाली चौकशीच्या खिडकीतल्या मावशींजवळ बसली. तोफ तीन मजले चढून वर गेली. कुणीतरी साफसफाईत टेबलाखालचे कागद काढून टाकले होते. टेबल डगमगत होतं.

तिनं बटण दाबलं. समोर कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, नदीपलीकडे जाणारी गाडी फलाट सहावर लागत आहे. तिनं श्वास घेतला आणि माइकवर आवाज घुमला, "लांबचा प्रवास आहे. आधी जाऊन या."

सहा नंबरवरची सगळी रांग उठली आणि स्वच्छतागृहाकडे गेली. चालकही गेला.

तिला दरदरून घाम फुटला. पुढची घोषणा तिनं दातओठ खाऊन म्हटली. बाहेर आलं, "ढकलाढकली केलीत तर कुणालाच खिडकी मिळणार नाही." दोन नंबरवर एकमेकांच्या उरावर बसलेले लोक एका ओळीत उभे राहिले. एक मिशाळ गृहस्थ तर चक्क हाताची घडी घालून. तासाभरात स्थानकावर कुणी भांडेना, कुणी थुंकेना. गाड्या वेळेवर सुटू लागल्या, जे स्थानक बांधल्यापासून कधी घडलं नव्हतं.

साहेब जिना चढून धापा टाकत वर आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "कमाल केलीत! काही बदलू नका, कायम असंच बोला. आजपासून तुम्ही अख्ख्या स्थानकाची आई!"

कायम? तिला ओरडून सांगायचं होतं, नको साहेब, मला माझं बोलणं परत हवंय. तिनं सगळा जीव एकवटून तोंड उघडलं.

"शर्टाचं वरचं बटण लावा," ती म्हणाली.

साहेबांनी लावलं आणि खूश होऊन खाली गेले. ती डगमगत्या टेबलावर डोकं टेकून रडली.

बाराच्या सुमाराला तीन नंबरवर एक जुनाट गाडी सुरू झाली आणि तिनं काळाकुट्ट धूर ओकला. नेहमीचाच धूर, पण तो वर चढला आणि खोलीची काच क्षणभर काळी झाली. तोफेचा हात आपसूक बटणावर गेला.

"डोकं खाली. भिंतीला हात. मागे बघायचं नाही. मी सांगते तसंच करायचं."

आणि अख्खं स्थानक वाकलं! प्रवासी, चालक, वाहक, मिशाळ गृहस्थ, सगळे ओणवे होऊन भिंतीला धरून निघाले. साहेब नाकाला रुमाल लावून रांगेत, त्यांच्यामागे चौकशीवाल्या मावशी. फलाट ओस पडले. समोरच्या मोकळ्या मैदानात तीनेकशे माणसं उकिडवी बसून पुढच्या सूचनेची वाट बघू लागली. वर तोफ डोळे घट्ट मिटून तेच ते म्हणत होती, डोकं खाली, भिंतीला हात.

दार उघडलं. भिंगरी आत आली. एवढ्या माणसांत ती एकटी ताठ चालत उलट्या दिशेनं आली होती. तिनं माइकचं बटण बंद केलं.

"आई, सगळे खाली पोचले. मी मोजले. कुणी राहिलं नाही."

"हळू चाल, जपून," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच.

"आणि मी तर केव्हाच पोचले गं. आठ महिने झाले." भिंगरी आईजवळ सरकली. "तूच तेवढी वर राहिलीस."

तोफेनं डोळे उघडले. समोर पोरगी उभी होती, धडधाकट, आठ महिन्यांत चांगली बोटभर वाढलेली. तिनं आईचा हात धरला. "चल. आता मी सांगते. डोकं वर. मागे बघायचं असेल तर बघ."

तिसरा मजला, दुसरा, पहिला. तोफ एकेक पायरी उतरली. दुसऱ्या मजल्यावर थांबून तिनं खरंच मागे बघितलं. जिना होता. धूर नव्हता.

मैदानात तीनशे माना तिच्याकडे वळल्या. साहेबांनी रुमालाआडून विचारलं, "आई, आता उठू का आम्ही?"

तिनं तोंड उघडलं. सगळे कान टवकारून बसले.

"मला भूक लागलीये," तोफ म्हणाली.

ती स्वतःच दचकली. मग पुन्हा म्हणून बघितलं, जरा मोठ्यानं. "मला भूक लागलीये! सकाळपासून पोटात काही नाही आणि हे बसलेत उकिडवे! आणि साहेब, पुन्हा आई म्हणालात तर याद राखा. मला लेकरू एकच आहे, ते हे. तुमच्याएवढा घोडा माझ्या पोटी नाही आला!"

मैदानात कुणीतरी खो खो हसलं. साहेब उठले, गुडघे झटकले, वरचं बटण काढलं आणि खिशातून कागद-पेन काढून तिथंच लेखी समज लिहायला बसले. लिहिताना दोनदा डोळे पुसले.

"जरा जाड कागदावर द्या," तोफ म्हणाली. "टेबल फारच डगमगतंय."