बरा झाल्याची आंगी

खाटा चोवीस. मुलं एकोणीस. त्यांच्याजवळ आया सतरा, एक आजी, आणि एका मुलाजवळ कोणीच नाही. नव्या पांढऱ्या चादरी चोवीस, म्हणजे रिकाम्या पाच खाटांवरही अंथरलेल्या. दाराशी पाण्यानं भरलेल्या टोपात झेंडूचे हार त्रेचाळीस. ऑक्सिजनचं नळकांडं एक, तेही रिकामं, पण कालच रंगवलेलं.

इंदू निकुरेनं हे सगळं रविवारी सकाळी आठ वाजता मोजलं. मोजायची तिला खोडच होती. मूलच्या धानगिरणीतल्या कारकुनाची ही मुलगी नागपुरातून बी.एस्सी. होऊन आली, आणि गडचिरोलीच्या बालरुग्णालयात तिला रक्त तपासायची नोकरी मिळाली, त्याला आता दीड वर्ष होत होतं. मधल्या काळात जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. दवाखान्यात त्यामुळे एवढाच फरक पडला, की अर्जांवरचा पत्ता बदलला.

आज मात्र मोठा दिवस होता. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर गुणवंतराव देशकर यांना सुवर्णपदक मिळायचं होतं, आणि चांद्याला होणाऱ्या पन्नास खाटांच्या नव्या बालरुग्णालयाचं प्रमुखपद त्यांच्या नावानं जाहीर व्हायचं होतं. पाहुणे दुपारच्या गाडीनं वडशाला उतरणार होते. मांडवही वडशाच्याच एका नाटक मंडळीचा आणला होता. मागच्या पडद्यावर राजवाडा होता, आणि राजवाड्याच्या खिडकीत एक मोर.

पदक मिळायचं कारण म्हणजे छापील अहवाल. पानथरी म्हणजे प्लीहा वाढलेल्या, हिवतापानं रक्त आटलेल्या जंगलातल्या दोनशे बारा मुलांवर डॉक्टरांनी उपचार केले आणि फक्त तीन दगावली. एवढे चांगले आकडे नागपुरालाही नव्हते. अहवालात प्रत्येक मुलापुढे दोन रकाने होते. पहिल्यात आलं तेव्हाचं हिमोग्लोबिन, दुसऱ्यात घरी गेल्यावर सहा आठवड्यांनी मोजलेलं. दोन्ही मोजायचं काम इंदूचं.

दुसरा रकाना अडतीस ठिकाणी कोरा राहिला होता. मुलं परत आलीच नव्हती.

"लांबची गावं," डॉक्टर म्हणाले होते, "कशी येतील? आलेल्यांची सरासरी काढा आणि टाका. शास्त्रात चालतं ते."

चालत नाही, हे इंदूला ठाऊक होतं. तरी पहिल्या वर्षी तिनं त्यातल्या नऊ ठिकाणी तसे आकडे टाकले होते. नऊही ठिकाणी दहा पूर्णांक आठ. नोकरी नवी होती, अक्षर सुंदर होतं, आणि डॉक्टरांनी "शाबास" म्हटलं होतं. ते आठवलं की तिला तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं व्हायचं.

म्हणून जानेवारीत रजा काढून ती स्वतःच धानोऱ्याकडे गेली, लाकडाच्या मालमोटारीत बसून आणि पुढे पायी, अकरा मुलांची नावं घेऊन. चार मुलं भेटली. त्यांच्या बोटांतून तिनं रक्त घेतलं. बाकीच्या सात मुलांच्या आंग्या भेटल्या.

त्या आंग्या दवाखान्याच्या होत्या. घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला रुग्णालय नवीन हिरवी छिटाची आंगी घालून पाठवायचं. नागपूरच्या एका कापडवाल्यानं ताग्याचे तागे दान केले होते. गावाबाहेर, जिथे गावकरी आपल्या गेलेल्यांसाठी दगड उभे करतात, तिथे लहान दगडांवर त्या आंग्या घातलेल्या होत्या. काही उन्हानं पिवळट झाल्या होत्या. एक अगदी कोरी होती, कांजी न गेलेली. ते मूल दवाखान्यातून निघाल्यावर वाटेतच गेलं होतं.

परत आल्यावर तिनं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"इथून गेली तेव्हा जिवंत होती ना?"

"होती. पण ती बरी होऊन गेली नव्हती, तुम्ही पाठवली म्हणून गेली. नोंदींच्या पुस्तकात 'बरा' लिहिलंय."

"निकुरेबाई, या लोकांना मूल आपल्या मातीत, आपल्या माणसांत जावं असं वाटतं. मी त्यांच्या रीतीचा मान ठेवतो. तुम्ही फार मोजता. मोजणं चांगलं, पण कुठं थांबायचं ते कळलं पाहिजे."

त्या दिवशी ती थांबली.

आणि आज अकरा नंबरची खाट होती.

अकरा नंबरवर लच्छू होता. वय अडीच वर्षं, वजन अठरा पौंड, पानथरी बेंबीच्या खाली. काल संध्याकाळी इंदूनं त्याचं रक्त हिमोग्लोबिन मोजायच्या साहलीच्या नळीत घालून रंग जुळवला तेव्हा तीन पूर्णांक दोन ग्रॅम आलं होतं, हवं त्याच्या तिसरा हिस्साही नाही. पुन्हा पाहिलं, तरी तेवढंच. तापाचं औषध लागू पडलं होतं, जंतू जवळजवळ गेले होते. पण त्याच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. नाकपुड्या भात्यासारख्या हलत होत्या. त्याला रक्त द्यायला हवं होतं. गेल्या दिवाळीत गिरणीमालकाच्या नातवाला याच दवाखान्यात, इथल्याच बाटलीतून दिलं होतं.

इंदूनं सकाळीच आपलं रक्त त्याच्या रक्ताशी काचेवर जुळवून पाहिलं. गुठळी झाली नाही. स्वतःच्या रक्तात तापाचे जंतू नाहीत हेही तिनं पाहून ठेवलं होतं. नऊ वाजता ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. ते आरशासमोर टोपी बसवत होते.

"आज नाही," डॉक्टर म्हणाले.

"उद्यापर्यंत तो राहणार नाही."

"म्हणूनच आज नाही. रक्त देताना गेला तर? पाहुणे वॉर्डात असताना आईनं गळा काढला तर? बैलगाडी सांगितलीय मी. आंगी घालून पाठवा." टोपी जराशी तिरकी करून त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं. "पन्नास खाटा मिळतायत, निकुरेबाई. एका मुलासाठी पन्नास घालवू?"

पन्नास खाटा म्हणजे किती आंग्या, याचा हिशेब इंदूच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. ती बाहेर आली.

वॉर्डात रुखमाबाई नर्स लच्छूला आंगी घालत होती. सतरा वर्षांची नोकरी, जाड बोटं, पण गुंडी लावताना ती मऊ व्हायची. लच्छूची आई सुकरी बाजूला उभी राहून हसत होती. तिचा नवरा बांबूच्या कटाईवर होता. पाठीला पोर बांधून ती दोन दिवस चालत आली होती.

"आमचा बरा झाला जी बाई," ती इंदूला म्हणाली. "नवी आंगी देली. बरा झाला म्हून तर देली न? काल बारा नंबरच्या पोराले नाई देली."

"बारा नंबरचा अजून राहणार आहे," इंदू म्हणाली.

"हो न. आमचा पयले बरा झाला."

इंदूनं रुखमाबाईकडे पाहिलं. रुखमाबाईनं मान वर केली नाही.

"मले काय पाहून राह्यली, ताई? साहेबानं सांगतलं, मी घालून राह्यली. आजवर किती घातल्या, तुले का सांगू?"

"अडतीस," इंदू म्हणाली. "पुस्तकात परत न आलेले तेवढे आहेत. त्यातल्या सात जणांच्या आंग्या मी दगडांवर पाहिल्या."

रुखमाबाईचा हात गुंडीवर थांबला.

"खोटं नोको बोलू."

"एकीची कांजीसुद्धा गेली नव्हती, रुखमाबाई. दुसऱ्या गुंडीला तुम्ही लाल दोरा लावता ना? तोच होता."

सुकरी दोघींकडे आळीपाळीनं पाहत होती. तिचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता त्याला आधार नव्हता. "का म्हणून राह्यली ही? होट पांढरे दिसतेत त्याचे, मी रुखमाबाईले सकाळीच म्हटलं होतं. त्या म्हणल्या, धुतले म्हून दिसतेत."

इंदू खाली बसली. "सुकरीबाई, लच्छू बरा नाही. अंगात रक्त नाही त्याच्या. गाडीनं नेलं तर गावापर्यंत पोचणार नाही. माझं रक्त त्याला चालतं. दिलं तर वाचेल असं मला वाटतं. नक्की सांगत नाही."

सुकरीनं लच्छूच्या आंगीच्या गुंड्या एक एक करून सोडल्या, आंगी काढली, घडी केली आणि रुखमाबाईच्या हातात परत दिली.

"हे ठेव तुह्याजवळ," ती म्हणाली.

रुखमाबाईनं घडी हातात धरली. मग पदराला नाक पुसून म्हणाली, "बाटली उकळाले ठेवतो. पण वार्डात नाई. तुह्या रक्त तपासाच्या खोलीत. गाडीवाल्या सोमाजीले मी सांगतो का बैल लंगडून राह्यले."

"बैल चांगले आहेत," इंदू म्हणाली.

"सोमाजीच्या तोंडून लंगडतीन. आठ आण्याचा तंबाखू घेईन तो त्याच्यापायी. अन् तू सगळ्या गोष्टीत खरं बोलाचा ठेका घेतला का?"

बारा वाजता डॉक्टर पाहुण्यांना आणायला वडशाला गेले. साडेबाराला रुखमाबाईनं इंदूच्या हातातून, रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या बाटलीत दोनशे सी.सी. रक्त काढलं. लच्छूच्या घोट्याजवळची शीर तिसऱ्या खेपेला सापडली. सुकरीनं पाय धरला होता. मिनिटाला आठ थेंब. इंदू भिंतीला टेकून घड्याळात पाहत थेंब मोजत राहिली. तिला गरगरत होतं, म्हणून ती मोठ्यानं मोजत होती.

पाहुणे आल्यावर बाहेर कर्ण्यातून आधी तबला वाजला, मग "हॅलो, हॅलो," मग भाषणं. दोनशे बारा. फक्त तीन. प्रत्येक आकड्याला टाळ्या. चांद्याच्या नव्या रुग्णालयाच्या प्रमुखपदी डॉक्टर देशकरांची नेमणूक होत आहे. टाळ्या. भिंतीपलीकडून तुपातल्या बुंदीचा वास आला आणि इंदूनं तोंडावर रुमाल धरला.

पाचच्या सुमारास बुटांचे आवाज जवळ आले. डॉक्टर पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला आणत होते. तिथे कोणी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दार उघडलं, आणि डॉक्टर उंबऱ्यातच थबकले. गळ्यात हार, छातीवर पदक. समोर टेबलावर लच्छू, वर टांगलेली बाटली, तळाशी दोन बोटं रक्त.

क्षणभरच. मग त्यांचा चेहरा नितळ झाला.

"आणि हे आमचं रक्तदान," ते पाहुण्यांना म्हणाले. "जंगलातल्या मुलाला, सरकारी मदतीची वाट न पाहता. आमच्या मुलीच रक्त देतात. हे मी घालून दिलेलं वळण आहे."

"वा!" मुख्य पाहुणे म्हणाले. "आजच्या दिवशीसुद्धा काम थांबलं नाही!"

डॉक्टर पुढे आले आणि त्यांनी बाटलीवर हात ठेवला. छायाचित्रकारानं दिव्याचा झोत उडवला. लच्छू दचकून रडू लागला. बारीकसा, पण रडण्याचाच आवाज होता तो. काल त्याला तेवढंही जमत नव्हतं.

इंदू उठून उभी राहिली.

"साहेब," ती पाहुण्यांना म्हणाली, "इथून बरी म्हणून पाठवलेल्या सात मुलांच्या आंग्या मी गावात दगडांवर पाहिल्या. आज यालाही आंगी घातली होती."

पाहुण्यांनी भुवया उंचावून डॉक्टरांकडे पाहिलं.

"त्यांची श्रद्धा," डॉक्टर हसून म्हणाले. "मूल बरं झालं की दवाखान्याची आंगी देवाला वाहतात. कृतज्ञ लोक आहेत हो फार."

"किती सुंदर!" पाहुणे म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. "हे भाषणात का नाही सांगितलंत?"

सुकरी हे सगळं ऐकत होती. ती खिडकीशी गेली आणि बाहेर थुंकली.

जाताना डॉक्टर इंदूपाशी क्षणभर रेंगाळले. हारातल्या झेंडूचा उग्र दर्प तिच्या नाकाशी आला. "गेला, तर तुम्ही माझ्या परवानगीशिवाय रक्त दिलंत," ते हळू म्हणाले. "राहिला, तर पुढच्या अहवालात घेऊ. आणि चांद्याला मला तुमच्यासारख्या मुलीची गरज आहे. विचार करा."

बुटांचे आवाज लांब गेले. बाटली रिती झाल्यावर रुखमाबाईनं सुई काढली, कापूस दाबला आणि कोणाकडे न पाहता म्हणाली, "बुंदी आणू का कोनाले?"

सोमवारी सकाळी इंदूनं पुस्तक उघडलं. आधी मागची पानं काढली. नऊ ठिकाणचं दहा पूर्णांक आठ तिनं लाल शाईनं खोडलं आणि प्रत्येकापुढे लिहिलं: मोजलेलं नाही. सात नावांपुढचं 'बरा' खोडून तिथे 'मृत' लिहिलं, गावाचं नाव आणि दगड पाहिल्याची तारीख घातली. मग खाली आपली सही केली, राजीनाम्यावर जशी करतात तशी, पूर्ण नावानं.

त्यानंतर ती अकरा नंबरवर गेली. तिथल्या चादरीवर दुधाचा डाग होता. तिनं लच्छूचं बोट पुसलं, टोचलं, नळीत वीसच्या खुणेपर्यंत रक्त घेतलं, आम्ल घातलं, आणि दहा मिनिटं थांबून खिडकीच्या उजेडात रंग जुळवला. सुकरीनं विचारलं, "किती?" इंदूनं पुन्हा एकदा पाहिलं आणि लिहिलं.

लच्छू, खाट अकरा. ९ फेब्रुवारी १९५७: ३.२ ग्रॅम. ११ फेब्रुवारी १९५७: ६.१ ग्रॅम.