आत्याच्या मळ्यातला गाळ

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालची. कातडी कमावण्याच्या कारखान्यात हौदांच्या तळाशी जो गाळ साचे, त्यात पिकांना विषारी असं क्रोम असे. तो धुऊन खत म्हणून मातीत घालण्याजोगा करायचं काम प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एका बाईकडे होतं. सदा हातात बाटल्या, म्हणून सगळे तिला बाटलीबाई म्हणत.

रीत साधी होती. गाळात आम्ल घालून ढवळलं की क्रोम सुटून पाणी हिरवं व्हायचं. ते काढून पुन्हा आम्ल घालायचं. पाणी नितळ येऊ लागलं की गाळ निर्धोक झाला. मात्र दर वेळी कागदाची पट्टी बुडवून आम्ल पुरेसं उरलंय ना, ते बघायचं.

कारखान्यामागेच तिच्या आत्याचा भाजीचा मळा होता. आई गेल्यावर आत्यानंच तिला वाढवलं होतं, ते याच मळ्याच्या जिवावर.

"तुझा तो चिखल आत्ता मिळणार आहे, की मी म्हातारी झाल्यावर?"

"आत्या, तू म्हातारीच आहेस."

"म्हणून तर घाई."

त्या दिवशी दुसऱ्याच धुलाईला पाणी नितळ आलं. पट्ट्या संपलेल्या, कोठीपर्यंत जायचा कंटाळा, आणि आत्या हातगाडी घेऊन दारात उभी.

मुकादम म्हणाला, "बाई, उद्या देऊ की. एका दिवसानं काय बिघडतं?"

"पाणी दिसत नाही का तुम्हाला? काचेसारखं आहे," म्हणून तिनं त्याला गप्प केलं आणि आत्याची हातगाडी भरून दिली.

गाळात चुना फार होता. त्यानं सगळं आम्ल केव्हाच पिऊन टाकलं होतं. क्रोम सुटलंच नव्हतं, म्हणून पाणी नितळ होतं. तीन आठवड्यांनी रोपं पिवळी पडली, तेव्हा तिनं मळ्यातली माती तपासली. तीत क्रोम निघालं.

"एकदा तरी विचारायचंस गं आत्या, नीट तपासलंस का म्हणून."

आत्या बांधावर बसून होती. "परक्याला विचारलं असतं," ती म्हणाली.

वीतभर माती खरवडून काढली, तरी त्या मळ्यातली भाजी कुणी घेईना. आत्या मुलाकडे राहायला गेली आणि सहा वर्षांनी तिथंच वारली. ती चिडली मात्र कधीच नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं बाटलीबाईला वाटत राहिलं. मुकादमानं पुढे सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं. मळ्याच्या जागी गोदाम उभं राहिलं. बाटलीबाई आणखी सव्वीस वर्षं गाळ धूत होती. त्या गाळावर कितीतरी बागा फुलल्या. बघायला या म्हणून बोलावणी यायची. ती कधी गेली नाही.