दुसऱ्या सहीचा रकाना

टक्कन झाकण फरशीवर पडलं आणि दुपारची शांतता मोडली. तापाच्या औषधाचं, मापाच्या रेघा असलेलं झाकण. लेकीने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं.

मी ते धुऊन आणलं, औषध ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. "बघ गं, पाचच्या रेघेपर्यंतच आलंय ना?"

तिने झाकणाला नाकच टेकवलं. "थोडं वर गेलंय."

खरंच गेलं होतं. मी जास्तीचं परत बाटलीत ओतलं.

"पण आई, मी कशाला बघायचं? तू तर नर्स आहेस."

"आक्का म्हणाल्यात."

"त्या गालगुच्चा घेणाऱ्या?"

त्याच. आक्का म्हणजे आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर. एकतीस वर्षं नोकरी, आणि निवृत्तीला आजपासून दहा दिवस. ही पोटात होती तेव्हा माझ्या वाटच्या रात्रपाळ्या त्यांनी केल्या, वर "उपकार नाहीत, मला घोरणारा नवरा आहे" असंही ऐकवलं.

इन्सुलिन देताना दोन सह्या लागतात, एक देणारीची, एक बघणारीची. सकाळच्या घाईत मी बघणारीच्या रकान्यात पानभर सह्या आधीच ठोकून द्यायचे. आक्कांचं काय तपासायचं? सूर्य पूर्वेलाच उगवलाय ना, ते बघण्यासारखं!

काल सकाळी सहा नंबरच्या खाटेपाशी आक्का थबकल्या. हातात उरलेल्या सिरिंजवर नऊ नंबरची चिठ्ठी होती.

"नऊच्या आजोबांना आठ युनिट द्यायचं होतं," त्या कशाबशा म्हणाल्या, "सहाचं वीस गेलं गं."

आम्ही धावलो. आजोबांना साखरेचं पाणी पाजलं, बोट टोचून रक्त तपासलं. थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर घाम डवरला. डॉक्टर दारातून येताना दिसले तशी मी कुजबुजले, "आक्का, त्यांनी नाश्ता अर्धा टाकलाय. तेवढंच सांगू. अकरा दिवस राहिलेत तुमचे."

"माझे अकरा दिवस, आणि त्यांचे पुढचे चार तास? साखर नाश्त्यामुळे उतरली म्हटलं, तर डॉक्टर एकदा बघून निघून जातील." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "आणि बाई, हे माझ्यासाठी म्हणतेयस, की त्या सहीसाठी?"

त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ग्लुकोजचं सलाईन लागलं, दर पंधरा मिनिटांनी तपासणी झाली. संध्याकाळपर्यंत आजोबा उठून बसले, तेव्हा आक्का त्यांच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. "चूक माझ्या हातून झाली."

आजोबा म्हणाले, "म्हणजे नाश्त्यावरून सून एवढी ओरडली, ते फुकटच?" जरा वेळाने आक्कांना, "उद्या सुई तुम्हीच टोचा, बाई." मग माझ्याकडे बोट करून, "फक्त हिला शेजारी उभी करा."

चूक नोंदवायचा कागद आक्कांनी वळणदार अक्षरात भरला आणि एक रकाना मोकळा सोडून माझ्याकडे सरकवला. 'दुसऱ्या परिचारिकेने प्रत्यक्ष पाहिले होते काय?'

"हा मी भरायचा नाही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, 'नाही.' त्या पेन परत घेईनात. मग लिहिलं, 'न बघता सही केली.'

आज सकाळी वॉर्डच्या टोकावरून हाक आली. "ये गं, डोळे घेऊन ये!" मी शेजारी जाऊन उभी राहिले. आक्कांनी सिरिंज खिडकीच्या उजेडात हातभर लांब धरली, मग जवळ आणली, मग पुन्हा लांब. चष्म्याआडचे डोळे बारीक करून त्या आकडा शोधत होत्या. हे असं कधीपासून, कोण जाणे. मी इतक्या जवळ कधी उभीच राहिले नव्हते.

"आठ," मी म्हणाले. मग सही केली.

सहा वर्षांच्या मुलीला सांगता येईल तेवढं मी लेकीला सांगितलं. तिने तोंड वाकडं करत औषध गिळलं, रिकामं झाकण माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचार करत राहिली.

"आक्कांना नीट दिसत नव्हतं," ती म्हणाली. "पण तुला तर दिसतं ना, आई?"