सहा सेकंद मागे

नातीने एका हाताने स्टॉपवॉच सुरू केलं, दुसऱ्या हाताने मोबाइलवरचं. मोबाइलवर मिनिट पूर्ण झालं तेव्हा स्टॉपवॉचचा काटा चोपन्नवर होता. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा चोपन्न.

“काका, हे बिघडलंय. मिनिटाला सहा सेकंद मागे पडतंय.”

“बिघडलंय कसलं!” प्रयोगशाळेचे काका कपाटाला कुलूप लावत म्हणाले. “तीस वर्षं सहाच सेकंद मागे आहे. तुझ्या आजोबांनी मुद्दाम तसं ठेवलं होतं. आठवण म्हणून घरी ने.”

शेजारच्या सभागृहात आजोबांची स्मरणसभा चालली होती; याच शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. मुख्याध्यापकांचा आवाज भिंतीतूनसुद्धा येत होता. ते स्वतः शाळेत असताना आईच्याच वर्गात होते.

“लंबकावरून गुरुत्वाकर्षण मोजायच्या प्रयोगात माझं उत्तर नऊ पूर्णांक आठ. पुस्तकात तेच! तरी सरांनी दहापैकी सहा दिले. म्हणाले, ‘आकडा बरोबर आहे, प्रयोग नाही.’ केवढं तत्त्वज्ञान! आणि सरांच्या कन्येचं उत्तर बारा. तिला दहापैकी दहा! सर झाले तरी शेवटी बापच!”

हशा पिकला. नातीने डोळे मिटले. तिकडे पहिल्या रांगेत आई बसली होती. त्या दहा गुणांमुळे वर्ग तिला ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणू लागला, म्हणून तिने पुढच्याच वर्षी विज्ञान सोडलं. आजही ती ‘मी एक शब्द बोलणार नाही’ या अटीवर आली होती. घरच्यांच्या वतीने बोलायचं नातीवर आलं होतं, आणि तिच्या कागदावर सकाळपासून दोनच शब्द होते: ‘आजोबा फार’.

त्याच कागदावर तिने आता भागाकार केला: नऊ पूर्णांक आठ भागिले शून्य पूर्णांक नऊचा वर्ग. या घड्याळाने उत्तर बारा पूर्णांक एक यायला हवं. नऊ पूर्णांक आठ येणं शक्यच नव्हतं.

“म्हणजे बाकीच्यांनी…”

“पुस्तकातून उतरवलं. दरवर्षी, अख्ख्या वर्गाने. मोजून लिहिणारी एकटी तुझी आई.”

“मग आजोबांनी तिला सांगितलं का नाही?”

“म्हणायचे, शाळेभर होईल, मग घड्याळ वाया जाईल.”

“आणि रिटायर झाल्यावर?”

काकांनी किल्ली खिशात टाकली. “घड्याळ मागायला दोनदा आले होते. दोन्ही वेळा चहा पिऊन गेले. म्हणाले, आता सांगितलं तर ती विचारेल, इतकी वर्षं का नाही सांगितलं.”

नात सभागृहात जाऊन आईशेजारी बसली. तिने घड्याळ आईच्या हातात ठेवलं, कागद मांडीवर, आणि कानात चार वाक्यं सांगितली. आईने भागाकार दोनदा तपासला.

“आता एक मिनिट शांत उभं राहू,” मुख्याध्यापक मनगटाकडे पाहत म्हणाले. “मग घरच्यांपैकी कुणी बोलेल.”

सगळे उठले. आईने घड्याळाची कळ दाबली.

“धन्यवाद. बसा.”

खुर्च्या वाजल्या. आई उभीच होती.

“अजून सहा सेकंद आहेत,” ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी तिच्या हातातलं घड्याळ पाहिलं. ओळखलं. मग शाळकरी मुलासारखे निमूट पुन्हा उभे राहिले, आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह.

काटा साठवर आला. आईने कळ दाबली, कागद उचलला आणि माइककडे निघाली.