हातामागचं हसू

"काका, ह्या माणसाला तीन कान का आहेत?"

कॉम्प्युटर क्लासच्या मॅडमनी हे इतक्या शांतपणे विचारलं, की बाजूच्या दोन मुलींनी मान खाली घालून हसू गिळलं. मॅडम तेवीस वर्षांच्या, काका अडुसष्ट वर्षांचे. काकांनी चष्मा वर सरकवून पडद्याकडे पाहिलं. खरंच तीन होते.

"तो माझा मेहुणा," काका म्हणाले. "दोन असताना त्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. तिसऱ्याचा काही उपयोग होतोय का बघू."

"तुम्हाला त्यांचा खांदा पुसायचा होता ना?"

"हो. मी तो कॉपीचा शिक्का कानावर मारून खांद्यावर उठवला बहुतेक."

मॅडमनी दोन कळा दाबल्या आणि तिसरा कान गेला. मेहुण्याचं तेवढंच नशीब.

काकांना सगळे कवळीवाले म्हणत. चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. शाळेचे हेडमास्तर, औषधवाले, शेजारचे पोस्टमन, सगळे काकांच्या दातांनी जेवत आणि काकांच्याच दातांनी काकांना नावं ठेवत. माणूस रस्त्यात हसला, की ते नमस्काराच्या आधी त्याचं माप बरोबर बसलंय का ते बघत.

फक्त घरातलं हसू त्यांना धड बघायला मिळालं नाही. बायकोचा समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. तिला हसू आलं, की आधी हात यायचा आणि मग हसू. बोटं जुळवलेली, अंगठा हनुवटीखाली. काका म्हणायचे, "अगं, सगळ्या गावाचे दात सरळ केले, तुझा एक करू दे." ती म्हणायची, "माझा दात आहे, तुमचं गिऱ्हाईक नाही." एकदाच ती मापाला बसली. काकांनी गुलाबी मसाला भरलेला ट्रे तोंडात घातला, "हलू नकोस" म्हणाले, आणि तेवढ्यानंच तिला हसू फुटलं. मसाला हनुवटीवर, साडीवर, काकांच्या चष्म्यावर. माप राहिलं ते राहिलंच.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मागे फोटो भरपूर, पण सगळ्यांत ती ओठ मिटून, ओळखपत्रासाठी उभी असल्यासारखी. एकाच फोटोत ती हसत होती. नदीकाठची सहल, मेहुणा खुर्चीवर बसला आणि खुर्चीनं पाय टाकले, त्या क्षणी काकांनी बटण दाबलं होतं. तिचे डोळे बारीक झालेले, खांदे वर गेलेले, आणि तोंडावर अर्थातच हात.

तो हात काढायचा, एवढ्यासाठी काकांनी दुपारी चारचा क्लास लावला होता.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. फोटो कॉम्प्युटरवर चढवला आणि काकांना वाटलं, कागदही पिवळा पडलाय, जरा स्वच्छ करावा. कवळीवरचे चहाचे डाग घालवणारी पावडर घरात होतीच. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवायचं, हे हातात बसलेलं. पंधरा मिनिटांनी बघितलं, तर नदी शिल्लक होती, मोडकी खुर्ची शिल्लक होती, मेहुणा तर एकदम ठणठणीत होता. बायको मात्र पाण्यात उतरली होती.

काकांनी हे मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आता कॉम्प्युटरवर आहे तेवढीच एक, काका. आधी कॉपी काढून ठेवा."

"काढतो," काका म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

मग तालीम सुरू झाली. मॅडमनी लेअर शिकवले. चित्रावर पारदर्शक कागद ठेवायचा, जे काय करायचं ते कागदावर, खालचं चित्र जसंच्या तसं. काकांना हे पटलं, पण अंगवळणी पडेना. तालमीला शेजारचे पोस्टमन आपणहून आले. त्यांना ओळखपत्र नवं करायचं होतं आणि डोक्यावर थोडे केस हवे होते. काकांनी क्लासच्या सरावाच्या फोटोंतून एक दाट केशसंभार उचलला आणि पोस्टमनच्या डोक्यावर नेमका बसवला. पोस्टमन खूश. कचेरीतल्या खिडकीवरचा माणूस फोटो बघून म्हणाला, "ह्या बाईंना स्वतः यावं लागेल." पोस्टमन आठ दिवस काकांशी बोलले नाहीत.

काकांना ते बरंच झालं. रोज चार ते सहा ते त्या हाताशी झटत होते. एकेक बोट पुसलं, तसा गाल उगवत गेला. डावीकडची कातडी उजवीकडे, कपाळाची हनुवटीवर. मधलं बोट पुसताना त्यांना सुईनं टोचल्याचा जुना डाग दिसला आणि त्यांचा माउस तिथेच थांबला. मॅडमनी विचारलं, "अडलं का काही?" ते म्हणाले, "नाही, माउस घामेजलाय."

शेवटी प्रश्न दातांचा आला. काका गालातल्या गालात हसले. इथे तरी मॅडमनी मला शिकवू नये, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग लक्षात आलं, की उजवा दात डाव्यावर होता की डावा उजव्यावर, हेच त्यांना आठवत नाही. हेडमास्तरांची चौतीस वर्षांपूर्वीची सुळ्याची खाच आठवत होती. आरशासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही तऱ्हेनं बोटं एकमेकांवर चढवून पाहिली. आठवेना.

मग त्यांनी आपल्या कामाच्या फोटोंचा अल्बम काढला आणि त्यातली सगळ्यांत सुरेख कवळी निवडली. पोस्टमनची, वरची. रंग थोडा खाली आणला, कडेला सावली घातली, ओठ वर ओढला. तीन आठवडे गेले. एका दुपारी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्याजवळ वाकल्या.

"काका, हे कुणालाही कळणार नाही," त्या म्हणाल्या.

काकांचा ऊर भरून आला, आणि त्या भरातच त्यांनी चाळीस वर्षं केलं तेच केलं. कवळीचा नमुना आधी मेणात करतात. तो प्लॅस्टरमध्ये पक्का दाबला, की गरम पाण्यानं मेण वितळवून मोरीत ओतून द्यायचं आणि त्या जागी टिकाऊ मटेरियल भरायचं. काम झाल्यावर मेण जपून ठेवणारा कारागीर अजून जन्माला यायचाय. काकांनी सगळे लेअर एकत्र दाबले, सेव्ह केलं, आणि मग मॅडमचा शब्द आठवून न चुकता कॉपी काढल्या. एक सोडून चार काढल्या.

चारही हसऱ्या.

रविवारी मुलगी आली. दोन गल्ल्या पलीकडे तिचं औषधांचं दुकान, त्यामुळे बापाकडे येताना हातात नेहमी गोळ्या. काकांनी फोटो मोठा छापून घेतला होता. टेबलावर उलटा ठेवला आणि जादूगारासारखा सरळ केला.

मुलीनं पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

"बाबा, ह्या कोण?"

"कोण म्हणजे? आई."

"हं," ती म्हणाली. मग बापाचं तोंड बघून घाईनं म्हणाली, "छान आहे. खूपच छान झालाय. फक्त, आई अशी कुठे हसायची?"

"हात काढला तर अशीच हसली असती."

"मग काढायचा कशाला?"

काकांनी फोटो स्वतःकडे वळवला. त्यांनाही गेले चार दिवस तेच दिसत होतं. नवी कवळी बसवल्यावर गिऱ्हाईक आरशात बघतं, नम्रपणे, ही आपलीच का अशा शंकेनं, तशी फोटोतली ती त्यांच्याकडे बघत होती. ते जुना फोटो शोधायला गेले होते. मॅडमनी कॉम्प्युटरचा कोपरा न कोपरा धुंडाळला होता. मूळ फोटो मेणासारखाच मोरीतून गेला होता.

"आता दुसरा नाही," ते म्हणाले. "मीच घालवला. दोनदा."

मुलीनं फोटो नाकाजवळ नेला. "बाबा, पण हे दात कुठेतरी पाहिलेत मी."

"पोस्टमनचे आहेत."

मग तिचे खांदे वर गेले, डोळे बारीक झाले, आणि हसू यायच्या आधी हात आला. बोटं जुळवलेली, अंगठा हनुवटीखाली. हिचे दात तर एका ओळीत, लहानपणी काकांनीच तार लावून घेतलेली. झाकण्यासारखं आत काहीच नव्हतं, तरी हात आला.

"हलू नकोस," काका म्हणाले.

"काय झालं?"

"काही नाही. हस तू." त्यांनी चाचपडत मोबाइल काढला. "हात तसाच ठेव. खिडकीकडे वळ जरा."

"अहो बाबा, पोस्टमनचे?" तिला आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरून आले, हात मात्र जागेवरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्यांनी मुलीचा हात कापून घेतला, सावकाश, एकेका बोटाच्या कडेनं. वेगळा लेअर केला. कॉपी आधी काढली, मग उचलला. तो बायकोच्या तोंडावर ठेवल्याबरोबर ती एकदम घरी आली. डोळ्यांतली शंका गेली. मॅडम वाकून म्हणाल्या, "काका, हातावरचं घड्याळ पुसायचं राहिलं."

"राहू दे."

"शिक्क्यानं दोन मिनिटांत जाईल."

"माहितीये. आता तिथलं काही पुसायचं नाही."

फोटो भिंतीवर लागला. पोस्टमन रुसवा सोडून चहाला आले, पुढ्यात उभे राहून आपले उत्तम बसलेले दात दाखवत म्हणाले, "वा. वहिनी अगदी अश्शा हसायच्या. पण त्या घड्याळ कधीपासून लावायला लागल्या?"

"गेल्या रविवारपासून," काका म्हणाले आणि त्यांनी कप पुढे केला.

पोस्टमन गेल्यावर ते खुर्ची ओढून फोटोसमोर बसले. तिच्या घड्याळात रविवारचीच चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या घड्याळाप्रमाणे चारच्या क्लासला उशीर झाला होता. ते उठले नाहीत.